कीपर साळवेबाई

"मावशी म्हणू नकोस," हे साळवेबाईंचं मला उद्देशून पहिलं वाक्य.

मुलुंडच्या मागे, डोंगराला पाठ लावून बसलेल्या एका लहानशा प्राणी संवर्धन केंद्रात मी शिक्षण सहायक म्हणून रुजू व्हायला गेले होते. गेटच्या आत साडीवर खाकी शर्ट घातलेली, गुडघ्यापर्यंत गमबूट चढवलेली एक बाई उभी होती. मी सहज विचारलं, "मावशी, ऑफिस कुठे हो?"

"मावशी म्हणू नकोस. आत साहेब बसलेत, त्यांना काका म्हणणार आहेस का?"

"नाही."

"मग मलाच मावशी कशाला? मी इथली कीपर आहे. साळवेबाई म्हण, नाहीतर ताई म्हण. ऑफिस उजवीकडे. मोराच्या पिंजऱ्याजवळची फरशी हलते, बघून जा."

मी चांगलीच वरमले. आमच्या घरी वर्तमानपत्रांपेक्षा पत्रकं जास्त. वडील आयुष्यभर संघटनेचं काम करत आले, आणि मी वाचायला शिकले ती पत्रकांच्या मथळ्यांवरून. 'नारळ'च्या आधी मला 'निषेध' वाचता यायचं. श्रमप्रतिष्ठेवर भाषणं करून मी कॉलेजात ढाली मिळवल्या होत्या. आणि गमबूट दिसल्याबरोबर माझ्या तोंडून निघालं काय, तर मावशी. त्या दिवसापासून मी त्यांना ताई म्हणू लागले. बाकी सगळं केंद्र त्यांना साळवेबाई म्हणे, साहेबसुद्धा.

केंद्रात साळवेबाईंच्या खालोखाल प्रसिद्ध होता तो त्यांचा फळा. तिकीट खिडकीच्या बाजूला शाळेत असतो तसला काळा फळा टांगलेला होता. रोज सकाळी पिंजऱ्यांची फेरी झाली की त्या त्यावर खडूने प्राण्यांची बातमी लिहायच्या. भांडुपच्या डोंगरावरच्या त्यांच्या वस्तीत बुद्धविहाराबाहेर असा फळा होता, आणि लग्न होऊन आल्यापासून त्याचं लिखाण त्यांच्याकडे होतं. वस्तीत कुणाला मुलगी झाली, पाणी किती वाजता येणार, कुणाचा मुलगा पास झाला, सगळं त्यावर. तीच पद्धत त्यांनी इकडे आणली. अक्षर मोठं आणि गोल, आणि भाषा पत्रासारखी.

"मगर क्रमांक दोन हिने काल खाल्ले नाही. थंडीत ती खात नाही. काळजी नसावी."

"मोराची पिसे गळत आहेत. कोणीही मागू नयेत. मिळणार नाहीत."

"कासव हरवले नव्हते. चिखलात होते. शोधणाऱ्यांचे आभार."

सकाळी फिरायला येणारी म्हातारी माणसं आधी फळा वाचायची आणि मग आत शिरायची. जन्माची बातमी असायची तशी मरणाचीही. एकदा त्यांनी लिहिलं, "म्हातारे माकड वारले. वय झाले होते. त्याच्या पिंजऱ्यासमोर आज दंगा करू नये." साहेब म्हणाले, "साळवेबाई, माणसं वारतात. माकड मेलं असं लिहा."

"लिहून बघितलंय साहेब. मेलं वाचून लोक हसतात. वारलं वाचून गप्प राहतात."



त्यांचा नवरा याच केंद्रात कीपर होता. तो गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर साळवेबाईंना नोकरी मिळाली, पण कीपरची नाही, झाडूवालीची. कीपरचं काम बायकांना झेपत नाही, असं कुणीतरी वर ठरवून टाकलं होतं. नऊ वर्षं त्यांनी पिंजरे झाडले. पिंजरा झाडणाऱ्याला काय काय कळतं, हे पिंजऱ्याकडे बघणाऱ्याला कधीच कळत नाही, असं त्या म्हणायच्या. कुणाचं पोट बिघडलंय, कुणाचा दात हलतोय, कोण कुणाचं खाणं पळवतंय, सगळं त्यांच्या सुपलीत यायचं. डॉक्टर फेरीवर आले की कीपरला प्रश्न विचारायचे आणि कीपर मागे वळून साळवेबाईंकडे बघायचा. शेवटी डॉक्टरच म्हणाले, हिलाच कीपर करा, मला मान वळवावी लागणार नाही. अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज असं करत त्या कीपर झाल्या. ही हकीकत त्या अगदी थोडक्यात सांगायच्या. ती ऐकून मी उसळून काही बोलायला लागले की म्हणायच्या, "झालं की आता. पुढचा पिंजरा."

कुलपांच्या बाबतीत मात्र त्या थोडक्यात आवरायच्या नाहीत. प्रत्येक दाराशी मोठ्याने म्हणायच्या, "कडी. कुलूप. हात." म्हणजे कडी लावली, कुलूप घातलं, हाताने ओढून बघितलं. जोडीला जो असेल त्यानेही ते तसंच मोठ्याने म्हणायचं. त्यांच्या जोडीचे कीपर तावडे मालवणकडचे, तोंडाने फटकळ. ते मला सांगायचे, "मॅडम, बाईंच्या घरात चोर इलो ना, तर तो भायर कसो जातलो ह्याची माका काळजी." पण "कडी, कुलूप, हात" तेही म्हणायचे. बाई सुट्टीवर असतानासुद्धा.

आता तरसाकडे येते, कारण साळवेबाई मला खऱ्या अर्थाने कळल्या त्या तरसामुळे.

आमच्याकडे एकच तरस होतं. मादी. एका खाणीजवळ पाय मोडलेल्या अवस्थेत सापडलेलं पिल्लू कुणीतरी गोणत्यात घालून आणून दिलं होतं. तेव्हापासून चौदा वर्षं ती मागच्या रांगेतल्या सिमेंटच्या पिंजऱ्यात होती. मागचा डावा पाय लंगडा, पाठीवर आयाळ, अंगावर पट्टे. लोक तिच्यासमोर थांबायचे ते नाक दाबायला. "शी, काय घाणेरडं!" म्हणायचे आणि बिबट्याकडे पळायचे. साळवेबाईंनी तिला नाव ठेवलं नव्हतं. त्या "ती" म्हणायच्या, आणि केंद्रात त्यांनी "ती" म्हटलं की कोण ते सगळ्यांना कळायचं.

मागची रांग पाडायची आणि तिथल्या प्राण्यांना मोकळी आवारं बांधायची, असं वरून ठरलं. तरसासाठीही आवार तयार झालं: माती, गवत, एक ऐनाचं झाड, दगडांची गुहा आणि लोकांना बघायला एका बाजूला जाड काच. जुन्या पिंजऱ्यातून तिथे जायला वीसेक फुटांची बंद मार्गिका, दोन्ही टोकांना सरकते दरवाजे. काचेजवळ लावायचा माहितीफलक माझ्याकडे आला.

मी तो दोन दिवस जीव ओतून लिहिला. "समाजाने ज्याला घाणेरडे ठरवले, तोच समाजाची घाण साफ करतो. ज्याला वेशीबाहेर ठेवले, त्याच्याच जिवावर गाव स्वच्छ राहते..." असा. अभिमानाने साळवेबाईंना वाचून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला, मग हातमोजे काढून बाजूला ठेवले.

"हे तू तरसाबद्दल लिहिलंस की माझ्याबद्दल?"

मी कागदाची घडी घातली.

"माझ्या आज्याने गावात मेलेली ढोरं ओढली. ती त्याला ओढायला लावली होती. ही मढं खाते ती तिला भूक लागते म्हणून. दोन्हीचं एक करू नकोस, बाई. आम्ही ते काम टाकलं आणि माणसात आलो. हिने टाकलं तर ही मरेल."

"मला तसं म्हणायचं नव्हतं ताई."

"माहीत आहे. तुझं मन चांगलं आहे. पण हिला तुझ्या भाषणाला जुंपू नकोस. हिचे पुढचे पाय लांब का ते लिही. हाड कसं फोडते ते लिही. हाडं खाते म्हणून हिची विष्ठा खडूसारखी पांढरी असते, ते तर पहिलं लिही. पोरांना फार आवडतं."

मी घरी जाऊन आधी चिडले, मग रडले, आणि मग फलक पुन्हा लिहिला. पांढऱ्या विष्ठेपासून सुरू केला.

आवार तयार झालं, पण ती जाईना.

पहिल्या दिवशी दोन्ही दरवाजे उघडले. ती मार्गिकेत शिरली, टोकापर्यंत गेली, एक पाय मातीवर ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. तिला माती माहीतच नव्हती. मग ती पळाली ती जुन्या पिंजऱ्याच्या पार कोपऱ्यात, भिंतीला तोंड लावून उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून मार्गिकेतही पाऊल टाकेना. मांस ठेवलं, हाडं ठेवली, तिने बघितलंही नाही.

अशात वरून पत्र आलं. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पाहणी समिती येईल. तोवर तरस नव्या आवारात गेलं नाही, तर ते आवार दुसरीकडून येणाऱ्या सिंहाच्या जोडीला द्यायचं आणि तरसाला परराज्यातल्या एका प्राणिसंग्रहालयात पाठवायचं. ती वाहतुकीच्या पेटीत शिरणारी नव्हतीच, म्हणजे बेशुद्ध करूनच न्यावी लागणार. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "वय बघा. इंजेक्शन दिलं तर ती शुद्धीवर येईलच अशी खात्री मी देणार नाही."

साळवेबाईंची निवृत्ती त्यानंतर बरोबर महिन्याभराने होती. त्या रोज तासभर आधी येऊ लागल्या.

पंधरा दिवसांत फरक दिसू लागला. ती मार्गिकेत चार फूट यायची, मग सात, मग निम्म्यापर्यंत. साळवेबाई फळ्यावर लिहायच्या, "तरस मादी आज अकरा फूट आली." आणि फिरायला येणारी म्हातारी माणसं क्रिकेटचा स्कोअर विचारावा तशी तिकीट खिडकीवर विचारायची, "तरस किती?" एका रविवारी फळ्यावर आलं, "तरस मादीने पुढचे दोन पाय मातीवर ठेवले. बराच वेळ ठेवले." साहेबांनी त्या दिवशी सगळ्या स्टाफला भजी खिलवली.

आणि दुसऱ्या दिवशी सोमवारी मी माती खाल्ली.

आमच्याकडे झाडलोट करणारी सगळी माणसं एकाच समाजातली. ऑफिसात एकही नाही. ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून टोचत होती. मी 'झाडू कुणाच्या हातात?' असं एक पत्रक लिहून ऑफिसच्या भिंतीवर लावलं. सोमवारी केंद्र बंद असतं; त्या दिवशी साहेबांपासून सगळ्यांनी झाडू घ्यावा, अशी त्यात मागणी होती. भांडण होईल या तयारीत मी होते. साहेब वाचून म्हणाले, "बरोबर आहे. करू या." माझ्या आयुष्यात पत्रकातली मागणी लगेच मान्य झाली ती ही एकच.

सोमवारी साळवेबाईंची साप्ताहिक सुट्टी. मी कुणालाही त्यांना कळवू दिलं नाही. मंगळवारी त्या येतील आणि बघतील की त्यांचं काम कारकुनांनी केलंय, असं माझ्या डोक्यात. समिती शुक्रवारी येणार, म्हणून सुरुवात तरसाच्या नव्या आवारापासून केली. मार्गिकेत कुणीतरी मळकं, कुबट गवत पसरून ठेवलं होतं आणि फटींमध्ये चिकट घाण लागलेल्या काटक्या खोचल्या होत्या. कुणाचा तरी निष्काळजीपणा, आणि उचलणार साळवेबाई, असं म्हणून मी स्वतः ते सगळं उपसलं. अकाउंट्सच्या साठेसाहेबांनी पाइप धरला. साहेबांनी खराट्याने फरशी घासली. वर तीन बादल्या फिनेल. फरशीत तोंड दिसायला लागलं.

दुपारी तावडे बिबट्यांना खाणं घालून परत आले. मार्गिकेच्या दारात थबकले, आणि त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले.

"मॅडम! काय केलात ह्यां!"

तेव्हा मला कळलं. तरस आपली खूण वासाने ठेवतं. शेपटीखालचा चिकट स्राव गवताला, काटक्यांना पुसतं; ज्या जागेला आपला वास, ती जागा आपली. साळवेबाई रोज पहाटे जुन्या पिंजऱ्यातलं तिचं अंथरूण आणि तिने खुणावलेल्या काटक्या थोड्या थोड्या पुढे सरकवत होत्या. पंधरा दिवस त्या तिच्यासाठी तिच्याच वासाची वाट घालत होत्या. ती वाट मी धुऊन काढली होती. त्यांनी मला हे सांगितलं नव्हतं, खरं आहे. मी विचारलं तरी कुठे होतं?

मंगळवारी सकाळी मी गेटवरच उभी राहिले. साळवेबाई आल्या, पिंजऱ्यांच्या रांगेकडे वळल्या आणि वीस पावलांवरूनच त्यांचं पाऊल हळू झालं. फिनेल त्यांच्याही नाकाला कळलं. तरस मादी पार आतल्या कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून उभी होती, पहिल्या दिवशीसारखी. साळवेबाई मार्गिकेच्या उंबऱ्यावर बसल्या.

"फरशी छान घासलीत," त्या म्हणाल्या. "कुणी घासली?"

"मी. आणि साहेबांनी. ताई, मी सगळी जबाबदारी घेते. वर लिहून देते."

"लिहून दिल्याने वास येतो का?"

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "काटक्या कुठे टाकल्यात?"

"खताच्या खड्ड्यात."

"मग इथे काय उभी? जा, काढ."

मी आणि तावडे खताच्या खड्ड्यात उतरलो. दोन तासांत अकरा काटक्या आणि दोन गठडी गवत सापडलं. हाताला जो वास लागला तो तीन दिवस गेला नाही. घरी जाताना बसमध्ये माझ्या शेजारचा माणूस उठून उभा राहिला. तावडे म्हणाले, "आता तुम्ही खऱ्या कीपर झालात. परीक्षा पास."

आम्ही परत आलो तेव्हा फळ्याजवळ साहेब आणि साळवेबाई उभे होते. फळ्यावर लिहिलं होतं: "तरस मादी नव्या घराच्या दारापर्यंत आली होती. आम्ही तिचा वास धुऊन टाकला. चूक आमची. पुन्हा सुरुवात केली आहे."

"साळवेबाई, शुक्रवारी समिती येतेय. आपणच आपली चूक गेटवर टांगायची?"

"मग काय लिहू?"

"लिहा, काम प्रगतिपथावर आहे."

"रस्ता खोदून ठेवतात साहेब, तिथे असली पाटी असते."

साहेबांना हसू आलं, मग त्यांनी ते आवरलं. "आणि हे 'आम्ही' म्हणजे कोण कोण?"

"खराटा तुम्ही पण मारलात ना?"

साहेब आत गेले. फळा तसाच राहिला. माझं नाव त्यावर नव्हतं. दिवसभर येणारा प्रत्येक माणूस तो वाचत होता, आणि मला माझं नाव असतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

त्या तीन दिवसांत साळवेबाईंनी मार्गिकेला माती चोळली, पाणी मारलं, पुन्हा माती चोळली. फिनेलचा वास हटेपर्यंत. अकरा काटक्या एकेक करून फटींत बसवल्या. मला आणि साहेबांना अंगाला साबणही न लावता यायला सांगितलं, आणि साहेबांनी ते ऐकलं. बुधवारी ती जुन्या पिंजऱ्याच्या दारापर्यंत आली. गुरुवारी निम्म्यापर्यंत. शुक्रवारी सकाळी मार्गिकेच्या टोकाशी येऊन बसली. मातीपासून हातभर अंतरावर. पुढे नाही.

समिती आली. चार जण, साहेब, आणि हातात बेशुद्धीच्या इंजेक्शनची लांबट पेटी घेतलेले डॉक्टर. सगळे काचेपाशी ओळीने उभे. अर्धा तास गेला. एकाने घड्याळ बघितलं, दुसऱ्याने डॉक्टरांच्या पेटीकडे. साळवेबाई मार्गिकेच्या बाजूने बाहेर आल्या.

"साहेब, एक बोलू?"

"बोला."

"मुलगी बघायला आल्यासारखे तुम्ही सगळे ओळीने उभे आहात. कोण येईल बाहेर? जरा चहा घेऊन या."

समितीतल्या एक वयस्कर बाई खळखळून हसल्या. "चला हो. मला कुणी असं सांगितलं असतं तर मीही आले असते बाहेर." आणि त्या पुढे झाल्या म्हणून बाकीचेही निघाले.

आवाराच्या कडेला जाळीजवळ एक बुटका कठडा आहे. साळवेबाई त्यावर आवाराकडे पाठ करून बसल्या आणि मला समोर बसवलं. "बोल काहीतरी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रोजच्यासारखं. आपण गप्प बसलो की तिला वाटतं इथे काहीतरी शिजतंय."

"काय बोलू?"

"घरचं बोल."

मग मी पापडांची गोष्ट सुरू केली. एकदा आईने वडिलांच्या ताज्या छापलेल्या पत्रकांचा गठ्ठा गच्चीत पसरला आणि त्यावर पोह्याचे पापड वाळत घातले.

"शाई ओली होती?"

"ओली होती. सगळी अक्षरं पापडांवर उठली. उलटी." त्यांच्या खांद्यावरून मला मार्गिकेचं तोंड दिसत होतं. "ताई, ती—"

"माझ्याकडे बघ. मग?"

"मग वडील घरी आले आणि त्यांना एका पापडावर 'एकजुटीचा' दिसलं. ताई, दोन पाय बाहेर."

"तिकडे बघू नकोस. 'विजय असो' कुठल्या पापडावर होतं?"

"ते शेजारणीकडे गेलं होतं." "तीन पाय. ताई, चौथा लंगडा पाय... टाकला. ती मातीत उभी आहे."

"मग वडिलांनी खाल्ले का पापड?"

"खाल्ले. सगळे. म्हणाले, छपाईचा खर्च वाया जायला नको. ताई, ती चाललीय. झाडाकडे."

साळवेबाई वळल्या नाहीत. चौदा वर्षं जिला सांभाळलं, तिचं मातीवरचं पहिलं चालणं त्यांच्या पाठीमागे चाललं होतं आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत पापडांची चौकशी करत होत्या. ती ऐनापर्यंत गेली, बुंध्याभोवती फिरली, शेपटी वर करून एका गवताच्या पात्याला अंग पुसलं, आणि सावलीत आडवी झाली, हे मी सांगितलं तेव्हाच त्यांनी मान वळवली. बराच वेळ बघत राहिल्या. मग हाताची मूठ उघडली. मुठीत किल्ल्या होत्या, आणि तळहातावर त्यांचा ठसा इतका खोल उठला होता की दात मोजता आले असते.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "सांग सगळ्यांना. चहा संपवून या म्हणावं, घाई नाही."

समिती आली तेव्हा ती काचेकडे पाठ करून गाढ झोपली होती. समितीला तिचं तोंड दिसलंच नाही. एकाने विचारलं, "जरा वळवता नाही येणार?" तावडे म्हणाले, "साहेब, आजचां दर्शन एवढांच." डॉक्टरांनी पेटी गाडीत नेऊन ठेवली आणि येऊन साळवेबाईंना हात जोडले. साहेबांनी साठेसाहेबांना मिठी मारली, जे आमच्या ऑफिसात पूर्वी कधी घडलेलं नव्हतं.

निवृत्तीआधीचे शेवटचे आठवडे साळवेबाईंनी तिचं खाणं तावड्यांकडे दिलं. स्वतः तिच्या आवाराच्या वाटेनेही जाईनात. पक्ष्यांच्या पिंजऱ्यांना वळसा घालून जायच्या. दुप्पट चालणं. कारण त्यांची चाहूल लागली की ती झाड सोडून मार्गिकेच्या दाराशी येऊन बसायची, हलायचीच नाही. तावडे कुरकुरले, "बाय, ती माझ्या हातचां खाणा नाय."

"खाईल. मी दिसले नाही की खाईल."

चौथ्या दिवशी तिने खाल्लं. निरोप समारंभात शाल आणि नारळ घेऊन त्या एवढंच म्हणाल्या, "भाषणाला ही पोरगी आहे. मी येते."

त्यानंतर त्या दिसल्या त्या चार-पाच महिन्यांनी, एका रविवारी. गर्दीचा दिवस. तरसाच्या काचेपुढे मुलांची झुंबड होती, आणि मागे फिकट जांभळी साडी, खांद्याला पर्स, पायात चपला अशी एक बाई टाचा उंचावून बघत होती. गमबुटांशिवाय मी त्यांना ओळखायला क्षणभर चुकले.

"ताई! तिकीट काढून आलात?"

"मग? नोकरी संपली ना माझी."

आत ती माती उकरत होती. झाडामागे तिने गुडघाभर खोल खड्डा केला होता, पुढचे पाय भराभर चालत होते आणि माती मागे उडून काचेवर आदळत होती. पोरं दर वेळी ओरडत होती. तिला कशाचंच देणंघेणं नव्हतं. काच जाड, वास पलीकडे जात नाही. तिला कळणंही शक्य नव्हतं.

मी म्हटलं, "चला, मागच्या जाळीशी नेते. किल्ली आहे माझ्याकडे. तुमचा वास आला की धावत येईल बघा."

साळवेबाईंनी मान हलवली.

"नको. येईल, आणि मग मी गेल्यावर दारातच बसून राहील. एवढ्या मुश्किलीने दाराकडे बघायचं सोडलंय तिने."

आणखी थोडा वेळ त्यांनी ती उडणारी माती बघितली. मग पर्स सावरली, समोरच्या पोराला हाताने हळूच बाजूला केलं आणि गर्दीतून वाट काढत त्या मगरीच्या तळ्याकडे निघाल्या. तळ्याच्या कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून, इतर सगळ्या लोकांसारख्या, पाण्यात वाकून बघू लागल्या.